चढण्याआधी उतरणीचा हिशेब

गेल्या पंधरवड्यात एका संध्याकाळी दवाखान्यातली गर्दी ओसरल्यावर आमचे गुरुजी आत आले. रक्तदाब मोजून झाला, साखरेच्या तपासणीचा कागद पाहून झाला, तरी ते उठेनात. शेवटी हळूच म्हणाले, "डॉक्टर, कळसूबाई राहून गेली बघा आपली."

मी काही बोललो नाही. कारण कळसूबाई राहून गेलेली नव्हती. माथ्यावर आम्ही दोघेही जाऊन आलो होतो. राहून गेले होते ते धडपणे खाली उतरणे.

गुरुजी जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झाले. साठी त्यांनी कधीच ओलांडली. मधुमेह जुना आहे, रक्तदाबाची गोळी चालू आहे, पण पहाटे चालण्याचा नेम चुकत नाही. आता पुन्हा एकदा कळसूबाई चढावी, आणि या वेळी नीट चढावी, असे त्यांच्या मनाने घेतले आहे. काकूंचा विरोध आहे. तो का आहे हे मला पुरते ठाऊक आहे. म्हणून या आठवड्याच्या सदरात वाचकांसमोर हा विषय मांडतो. आपल्या करकंब-पंढरपूर भागातून हल्ली पुष्कळ मंडळी भंडारदरा, कळसूबाई, हरिश्चंद्रगड अशा सहलींना जातात. त्यांत तरुण असतात, तसे चाळिशी-पन्नाशीचेही असतात. गाडी ठरते, डबे ठरतात, पण शरीराची तयारी कोणी ठरवत नाही.

आमची चूक

ती गोष्ट २०१६ सालच्या डिसेंबरातली. आम्ही सातजण भाड्याची जीप करून रात्री दहाला करकंबहून निघालो. टेंभुर्णी, करमाळा, नगर, संगमनेर, अकोले, राजूर असा तीनशे किलोमीटरहून अधिक लांबीचा रस्ता. वाटेत चाक पंक्चर झाले. पायथ्याच्या बारी गावात पोहोचलो तेव्हा सकाळचे नऊ वाजून गेले होते. रात्रभर कोणाच्या डोळ्याला डोळा नव्हता. चहा-बिस्किटे घेऊन साडेनऊला चढायला लागलो.

दुपारी दोनच्या सुमारास आम्ही माथ्याच्या खालच्या विहिरीजवळ होतो. शेवटची शिडी समोर दिसत होती. गुरुजी एका दगडावर टेकले आणि म्हणाले, "मी इथेच बसतो. तुम्ही जाऊन या." तेव्हा त्यांना ज्याने हाताला धरून उठवले, तो मीच. "अहो गुरुजी, एवढं आलो, आता हातभर राहिलंय," असे मी म्हणालो. माथ्यावर गेलो. देवीचे दर्शन घेतले, फोटो काढले. निघायला पावणेचार झाले.

उतरताना पहिल्या शिडीपाशीच गुरुजी चिडचिड करू लागले. सदरा घामाने भिजलेला होता. मला त्यांनी त्यांच्या एका जुन्या विद्यार्थ्याच्या नावाने हाक मारली. मला वाटले, दमले असतील. दहा मिनिटांनी ते वाटेतच बसले आणि आडवे झाले. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. सकाळी त्यांनी साखर कमी करणारी गोळी नेमाने घेतली होती आणि दिवसभरात पोटात गेली होती ती दोन बिस्किटे. आपल्यामुळे इतरांना थांबावे लागू नये म्हणून त्यांनी डबाच उघडला नव्हता. रक्तातली साखर धोक्याच्या पातळीखाली गेली होती.

आमच्यापैकी कोणाजवळ साखर नव्हती. एका मुलाच्या खिशात देवीच्या प्रसादाच्या पेढ्यांची पुडी होती, तेवढीच. गुरुजींना गिळता येत होते हे नशीब. वीस मिनिटांनी ते भानावर आले. पुढची सगळी उतरण अंधारात, दोन मोबाइलच्या उजेडात झाली. गावातली काही मुले बॅटऱ्या घेऊन वर आली नसती तर काय झाले असते, ते मी आजही नीट आठवू शकत नाही. रात्री साडेआठला आम्ही खाली पोहोचलो. इकडे काकू संध्याकाळी सहापासून फोनजवळ बसून होत्या.

मी डॉक्टर आहे. ती गोळी मीच लिहून दिलेली होती. आणि सकाळी "गुरुजी, काय खाल्लंत?" एवढे चार शब्द विचारायचे मला सुचले नव्हते.

डोंगर आधी कागदावर चढावा

कळसूबाई हे महाराष्ट्रातले सर्वांत उंच शिखर. उंची १६४६ मीटर, म्हणजे ५४०० फूट. ते अहिल्यानगर जिल्ह्याच्या (पूर्वीचा अहमदनगर जिल्हा) अकोले तालुक्यात येते. पलीकडे नाशिक जिल्ह्याची हद्द लागते. जवळच प्रवरा नदीवरचा भंडारदऱ्याचा जलाशय आहे. विल्सन धरण १९२६ साली पुरे झाले आणि त्यामागे हा जलाशय पसरला. जुन्या कागदांत त्याला आर्थर लेक म्हणतात. स्वच्छ दिवशी माथ्यावरून ते पाणी, त्यापलीकडचा रतनगड आणि दुसऱ्या अंगाला अलंग, मदन, कुलंग हे तीन दुर्ग दिसतात. उजनीचे पाणी आपण रोज पाहतो, पण डोंगरांच्या कुशीत शिरलेले पाणी वरून पाहण्याची गंमत वेगळीच असते.

आता ही उंची आरोग्याच्या भाषेत समजून घेऊ. हिमालयात अडीच हजार मीटरच्या वर गेल्यावर विरळ हवेमुळे जो त्रास होतो, त्याची इथे धास्ती नको. इथे त्रास होतो तो चढाचा. बारीपासून माथ्यापर्यंत सरळ उभी उंची साधारण साडेआठशे मीटर आहे. घराचा एक मजला तीन मीटरचा धरला तर हे पावणेतीनशेहून अधिक मजले झाले! वाट एकेरी साडेसहा किलोमीटरच्या आसपास. कड्याच्या अवघड जागी लोखंडी शिड्या बसवलेल्या आहेत. त्यामुळे दोर वापरण्याची वेळ येत नाही, पण त्यामुळेच "शिड्या आहेत म्हणजे सोपं आहे" असा गैरसमज होतो.

आपल्याकडचा माणूस चालण्याला भीत नाही. पंढरीची वाट पायाखालची आहे. पण वारीची वाट बहुतांशी सपाट असते. पावलापावलावर पाणी देणारे, जेवू घालणारे भेटतात. दिंडीत मागे राहिलेल्याला सांभाळून घेणारे असतात. डोंगरावर उतार आहे, ऊन-वारा आहे आणि मदत पायथ्याला आहे. वारी केली म्हणून डोंगर जमेलच असे नाही. त्यासाठी वेगळी तयारी करावी लागते.

उंचीच्या आकड्यावरही जाऊ नये. इंग्लंडात सरोवरांचा एक निसर्गरम्य प्रदेश आहे. तिथले स्काफेल पाइक हे सर्वांत उंच शिखर अवघे ९७८ मीटर आहे. तरी वाट चुकलेल्या, पाय मुरगळलेल्या, गारठलेल्या लोकांना खाली आणण्यासाठी तिथे स्वयंसेवकांची पथके कायम सज्ज ठेवावी लागतात. डोंगर लहान असला तरी बेसावध माणसाला तो पुरून उरतो.

वेळेचा हिशेब

स्कॉटलंडच्या नेस्मिथ नावाच्या गिर्यारोहकाने १८९२ साली एक सोपा आडाखा सांगितला. तो आजही कामाला येतो. दर पाच किलोमीटरला एक तास, आणि त्याशिवाय दर सहाशे मीटर चढाला आणखी एक तास धरायचा. या हिशेबाने साडेसहा किलोमीटरला सुमारे सव्वा तास आणि साडेआठशे मीटर चढाला जवळजवळ दीड तास, असे पावणेतीन तास होतात. पण हा आडाखा धडधाकट, सवयीच्या माणसाचा आहे आणि त्यात बसण्या-खाण्याचा वेळ धरलेला नाही. चाळिशीपुढच्या, सवय नसलेल्या मंडळींनी त्यात निम्मी भर घालावी. म्हणजे चढायला चार तास झाले. उतरायला तीन तास धरावेत. उतरण म्हणजे पळत सुटणे नव्हे.

डिसेंबरात सहाच्या सुमारास सूर्य मावळतो. सकाळी साडेसहाला, उजाडताना निघालो तर साडेदहापर्यंत माथा यावा. आम्ही या वेळी परतीची वेळ साडेअकरा ठरवली आहे. साडेअकराला जिथे असू तिथून मागे फिरायचे, मग माथा शंभर पावलांवर का असेना. म्हणजे अडीच-तीनपर्यंत खाली येता येते आणि कोणाचा पाय मुरगळला तरी हाताशी तीन तास उजेड राहतो. ही वेळ घरी बसून, डोके थंड असताना ठरवावी. शिडीखाली उभे राहून ठरवायला गेले की माणूस "हातभर राहिलंय" असेच म्हणतो, हे मी अनुभवाने सांगतो.

आणखी एक गोष्ट. रात्रभर प्रवास करून सकाळी चढायला लागू नये. झोप न झालेल्या माणसाचा तोल आणि निर्णय दोन्ही कच्चे असतात. त्यात परतीच्या रात्री गाडी चालवणाऱ्याचा डोळा लागण्याची भीती वेगळीच. आदल्या दिवशी सकाळी निघावे, संध्याकाळी भंडारदऱ्याला किंवा बारीत मुक्काम करावा, रात्री लवकर निजावे. उतरल्यावरही एक मुक्काम करून मगच परतावे. दोन रात्रींचा खर्च वाढेल, पण तो अपघाताच्या खर्चापुढे काहीच नाही.

आधी तपासणी

चाळिशी ओलांडलेल्या प्रत्येकाने आणि मधुमेह, रक्तदाब, दमा, हृदयविकार असलेल्या कोणत्याही वयाच्या माणसाने आपल्या डॉक्टरांना आधी भेटावे. चालताना किंवा जिना चढताना छातीत दाब येत असेल, एका मजल्याला थांबून श्वास घ्यावा लागत असेल, चक्कर येत असेल, तर डोंगराचे नाव काढू नये. आधी तपासणी करून घ्यावी. बसल्या जागी काढलेली हृदयाची पट्टी चांगली आली म्हणजे चढ झेपेलच असे नव्हे. डॉक्टरांना गरज वाटली तर ते पट्ट्यावर चालवून करायची चाचणी सांगतील. ताप, जुलाब, नुकतीच झालेली शस्त्रक्रिया, हाताबाहेर गेलेला रक्तदाब असेल तर बेत पुढे ढकलावा. डोंगर कुठे पळून जात नाही.

मधुमेहींनी एक गोष्ट विशेष ध्यानात ठेवावी. चढताना स्नायू रक्तातली साखर भराभर वापरतात. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी चालू असेल तर साखर एकदम खाली येऊ शकते. हा परिणाम उतरल्यावरही काही तास, कधी रात्रीपर्यंत टिकतो. त्या दिवशी औषधाची मात्रा किती ठेवायची हे आपल्या डॉक्टरांकडून लिहून घ्यावे. मनाने गोळी बंद करू नये आणि उपाशीपोटी ती घेऊही नये. रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी असेल तर तीही डॉक्टरांना सांगावी, कारण शरीरातले पाणी कमी पडण्याची शक्यता वाढते.

साखर उतरल्याची लक्षणे सोबतच्या प्रत्येकाला माहीत हवीत. दरदरून घाम, हातापायाला कंप, एकाएकी भूक, चिडचिड, असंबद्ध बोलणे. अशा वेळी "दमला असेल" म्हणून सोडून देऊ नये. लगेच बसवून तीन-चार चमचे साखर किंवा ग्लुकोज पाण्यातून द्यावे. पंधरा मिनिटांत बरे वाटले नाही तर पुन्हा द्यावे. बरे वाटल्यावर भाकरी किंवा केळे असे पोटभरीचे काही द्यावे. माणूस बेशुद्ध असेल तर मात्र तोंडात काहीही घालू नये. श्वास चालू असेल तर एका कुशीवर वळवून ठेवावे आणि मदत मागवावी.

दहा आठवड्यांची तयारी

करकंबला डोंगर नाही, मग सराव कुठे करायचा, असे गुरुजींनी विचारले. प्रश्न बरोबर आहे. पण कालव्याचा भराव आहे, शाळेचा जिना आहे, देवळाच्या पायऱ्या आहेत. एवढे पुरे.

पहिले चार आठवडे सपाटीवर चालावे. अर्ध्या तासापासून सुरुवात करून एका तासापर्यंत जावे, आठवड्यातून पाच दिवस. वेग असा ठेवावा की सोबत्याशी बोलता यावे, पण गाणे म्हणता येऊ नये. पुढचे चार आठवडे त्यातले तीन दिवस जिना किंवा भराव चढावा-उतरावा. दहा मिनिटांपासून अर्ध्या तासापर्यंत वाढवावे. नवव्या आठवड्यात पाठीवर चार-पाच किलोंची पिशवी घेऊन हेच करावे. शेवटचा आठवडा हलके चालावे आणि पायांना विश्रांती द्यावी.

त्याआधी एकदा रंगीत तालीम करावी. आपल्या भागातून शिखर शिंगणापूर सोयीचे आहे. गाडी देवळाजवळ नेण्याऐवजी पायऱ्यांनी दोन-तीनदा चढ-उतर करावी. कोणाचा गुडघा बोलतो, कोणाचा बूट चावतो, कोणाला दम लागतो, हे तिथेच कळते. तिथे कळलेले बरे.

गुडघे आणि मांड्या यांच्यासाठी एक सोपा व्यायाम आहे. भक्कम खुर्चीवर बसावे आणि हातांचा आधार न घेता उठावे. बसताना मात्र सावकाश, मनात चार अंक मोजत बसावे. दहा वेळा, दिवसातून दोनदा. सावकाश बसणे महत्त्वाचे आहे, कारण उतरताना मांडीचा स्नायू हेच काम करतो. ताणला जात असतानाच त्याला शरीराचा भार आवरून धरावा लागतो. चढताना छाती दमते, उतरताना मांड्या. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जिना उतरताना जी कळ येते ती बहुधा उतरणीचीच असते.

रानात राबणाऱ्यांनीही हा सराव करावा. उसाला पाणी देणारे, द्राक्षाच्या बागेत दिवसभर उभे असणारे शरीर काटक असते, यात शंका नाही. पण प्रत्येक कामाचे स्नायू वेगळे असतात.

पाणी आणि शिदोरी

माणशी तीन ते चार लिटर पाणी धरावे. दर तासाला साधारण अर्धा लिटर, थोडे थोडे प्यावे. तहान लागून घसा कोरडा पडेपर्यंत थांबू नये, तसेच उगाच ढसाढसाही पिऊ नये. घामावाटे मीठही जाते. नुसतेच पाणी फार प्यायले तर रक्तातले मिठाचे प्रमाण उतरते आणि मळमळ, डोकेदुखी, भ्रम असे त्रास होऊ शकतात. म्हणून निम्मे पाणी साधे आणि निम्मे मीठ-साखरेचे ठेवावे. औषधाच्या दुकानात मिळणारी पुडी उत्तम. ती नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ घालावे. रक्तदाब, मधुमेह किंवा मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी हे आपल्या डॉक्टरांना विचारून घ्यावे. लघवी फिकट पिवळी होत असेल तर पाणी पुरेसे आहे. गडद आणि थोडी होऊ लागली तर कमी पडते आहे.

वाटेत टपऱ्या असतात, पण त्यांच्यावर विसंबू नये. विहिरीचे किंवा ओढ्याचे पाणी उकळल्याशिवाय अगर क्लोरीनची गोळी टाकून अर्धा तास ठेवल्याशिवाय पिऊ नये.

खाण्यासाठी आपल्या सोलापूर जिल्ह्याइतके सोयीचे पदार्थ दुसरीकडे क्वचित सापडतील. कडक भाकरी आठ दिवस टिकते आणि पिशवीत चेपत नाही. शेंगाच्या चटणीत तेल आहे, मीठ आहे. धपाटे, गूळ-शेंगदाणे, खजूर, केळी घ्यावीत. निघण्याआधी पोटाला आधार होईल एवढी न्याहारी करावी आणि मग दर दीड तासाला दोन घास खावेत. डबा माथ्यावर उघडायचा असा हट्ट नको. दारू आणि डोंगर यांची तर गाठच घालू नये. आदल्या रात्रीची दारूही दुसऱ्या दिवशी शरीरातले पाणी आणि तोल कमी करते.

अंगावर आणि पिशवीत

नवा कोरा बूट घालून डोंगरावर जाणे म्हणजे फोडांना आमंत्रण. निदान महिनाभर वापरलेला, तळाला खाचा असलेला बूट असावा. चपला नकोत. पायाची नखे दोन दिवस आधी कापावीत, कारण उतरताना अंगठा बुटाच्या टोकावर आपटतो. मोजे दोन जोड असावेत. टाचेला चुरचुरू लागले की तिथेच थांबून चिकटपट्टी लावावी, फोड येईपर्यंत चालत राहू नये.

दर हजार मीटर उंचीला हवा साधारण साडेसहा अंशांनी गार होते. करकंबपेक्षा माथा अकराशे मीटरहून अधिक उंच आहे. म्हणजे सात-आठ अंशांचा फरक पडतो आणि वर वारा असतो. घामाने भिजलेल्या सदऱ्यावर तो वारा लागला की हुडहुडी भरते. म्हणून कोरडा सदरा, स्वेटर आणि कानटोपी पिशवीत ठेवावी. उन्हासाठी रुंद काठाची टोपी किंवा उपरणे हवे.

याशिवाय बॅटरी प्रत्येकाजवळ वेगळी असावी, मोबाइलचा उजेड धरू नये. शिटी, साखरेची पुडी, रोजची औषधे आणि ती लिहिलेली चिठ्ठी, क्रेपची पट्टी, जंतुनाशक, चिकटपट्ट्या, एक काठी. मधुमेही सोबत असेल तर साखर मोजण्याचे छोटे यंत्र.

ऋतू आणि इतर धोके

पहिल्यांदा जाणाऱ्यांनी नोव्हेंबर ते फेब्रुवारी हाच काळ निवडावा. पावसाळ्यात तो भाग फार देखणा असतो हे खरे. पण आपल्याकडे वर्षभरात पडतो त्याच्या कितीतरी पट पाऊस त्या घाटमाथ्यावर कोसळतो. वाट निसरडी होते, धुक्यात दिशा कळत नाही, सुट्टीच्या दिवशी शिड्यांवर रांगा लागतात. चैत्र-वैशाखात उन्हाने माणूस भाजून निघतो. उन्हात कोणी बरळू लागला, अंग तापले, झोकांड्या जाऊ लागल्या तर तो उष्माघात समजावा. त्याला सावलीत आडवे करून, कपडे सैल करून, अंगावर पाणी ओतून वारा घालावा आणि तातडीने दवाखान्यात हलवावे.

ढगांचा गडगडाट ऐकू आला की माथा आणि लोखंडी शिड्या यांपासून दूर होऊन खाली यावे. एकट्या झाडाखाली उभे राहू नये. कड्याला आग्या मोहोळ असू शकते, तेव्हा अत्तर लावू नये, धूर करू नये, आरडाओरडा करू नये. साप चावल्यास जखम कापू नये, आवळून बांधू नये, चोखू नये. तो भाग हलू न देता माणसाला उचलून रुग्णालयात न्यावे. चढताना छातीत दाब आला, तो हातात किंवा जबड्यात गेला, तर तिथेच बसावे आणि मदत मागवावी. "ॲसिडिटी असेल" म्हणत चालत राहू नये.

शिडी उतरताना तोंड शिडीकडे ठेवावे आणि एका वेळी एकच पाय हलवावा. उतारावर पावले आखूड टाकावीत, गुडघे किंचित वाकवलेले ठेवावेत. गटातल्या सर्वांत हळू चालणाऱ्याने पुढे चालावे आणि जाणत्याने शेवटी. असे केले म्हणजे मागे राहिलेला कोणाच्या लक्षात आला नाही, असे होत नाही.

घरी ठेवायचा कागद

आता काकूंविषयी. गुरुजी येऊन गेल्याच्या दुसऱ्याच दिवशी त्या दवाखान्यात आल्या. खुर्चीवर बसल्या नाहीत. म्हणाल्या, "न्या त्यांना. मी कोण अडवणार? पण मागल्या वेळेसारखं नको. कधी जाणार, कधी येणार, कुणाला फोन करायचा, सगळं लिहून द्या मला."

मला वाटते, या सगळ्या लेखातला सर्वांत शहाणा सल्ला हाच आहे. आम्ही तसा कागद केला आहे. त्यावर जाणाऱ्यांची नावे, वये, आजार आणि औषधे आहेत. कोणत्या वाटेने जाणार, मुक्काम कुठे, गाडीचा नंबर काय, पायथ्याच्या गावातला वाटाड्या कोण, हे आहे. निघण्याची वेळ साडेसहा, परतीची वेळ साडेअकरा, आणि "दुपारी चारपर्यंत फोन आला नाही तर वाटाड्याला फोन करावा, तरीही पत्ता लागला नाही तर ११२ ला कळवावे" हे ठळक अक्षरांत आहे. रुग्णवाहिकेसाठी १०८ आहे. डोंगरात मोबाइलला सगळीकडे रेंज मिळत नाही. म्हणून आपण फोन करू शकलो नाही तरी कोणीतरी आपली चौकशी सुरू करील, अशी व्यवस्था घरीच ठेवून जावी लागते.

या कागदावर मी सगळ्यांच्या सह्या घ्यायच्या ठरवल्या. गुरुजींनी चष्मा पुसून तो शाळा तपासणीला आल्यासारखा दोनदा वाचला. 'साडेअकरा' या शब्दाखाली पेन्सिलने रेघ ओढली. मग मान वर करून म्हणाले, "माझी सही घ्या हो, मी तर मागच्या वेळीच बसलो होतो. पण डॉक्टर, साडेअकराला तुम्ही फिराल का मागे?"

मी आधी माझी सही केली. मग कागद त्यांच्यापुढे सरकवला.

वाचकहो, दुरून डोंगर साजरे असे आपण म्हणतो. ते जवळूनही साजरेच असतात, फक्त जाण्याआधी थोडा विचार करावा लागतो. आपल्यातला जो सर्वांत थकलेला असेल, त्याच्या पायाने सगळ्यांनी चालायचे. "मी इथेच बसतो" असे कोणी म्हणाले तर त्याच्याजवळ बसायचे आणि विचारायचे, "सकाळपासून काय खाल्लंत?"

तो कागद सध्या काकूंच्या स्वयंपाकघरात, दिनदर्शिकेशेजारी टाचणीने लावलेला आहे. गुरुजी रोज पहाटे कालव्याच्या भरावावर चढ-उतर करतात. तिसरा आठवडा चालू आहे. परवा काकूंनी मला विचारले, "डॉक्टर, तुम्ही दिसत नाही हो भरावावर?"

उद्यापासून मीही जाणार आहे.